व्याजासकट स्तुती

सान ब्राउलिओ,
मे महिन्याचा पहिला रविवार

वयाने, उंचीने आणि रागाने माझ्याहून मोठ्या ब्रिसेईदाताईस,

धाकट्या एदिल्माचा वाकून नमस्कार आणि उजव्या गालावर एक मुका.

तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नका असं डॉक्टरने सांगितल्यावर तू तिसऱ्या मजल्यावरचं घर न सोडता डॉक्टरच सोडलास, हे मेल्कियादेसकडून कळलं. उत्तम केलंस. आपल्या घराण्यात गुडघे वाकत नाहीत, मग ते दुखण्याने असो नाहीतर अंगच्या ताठ्याने. इथे माझी तब्येत ठणठणीत आहे. झोप लागते, भूक लागते, आणि सकाळी आरशात पाहिलं की अजून स्वतःची लाज वाटत नाही.

आता मेल्कियादेस आपला चुलतभाऊ असला आणि त्याची बस राजधानीपर्यंत जात असली, तरी त्या बसमध्ये माणसांपेक्षा बातम्या जास्त बसतात हे तुला ठाऊकच आहे. त्याने तुला सांगितलं असणार की मी नगराध्यक्षांचा भरसभेत अपमान केला, मला शाळेतून हाकललं, आणि आता मी गावात तोंड दाखवत नाही. यातलं पहिलं साफ खोटं. अपमान नगराध्यक्षांनी स्वतःचा स्वतःच केला, स्वतःच्या आवाजात आणि नगरपालिकेच्या लाउडस्पीकरवरून. दुसरं अर्धं खरं आहे, त्याकडे पुढे येते. आणि तोंडाचं म्हणशील, तर ते मी रोज चौकातून दोनदा नेऊन आणते, काम असो वा नसो.

सगळं अलंकारांपासून सुरू झालं. (तू इथे सुस्कारा टाकलास, मला ऐकू आला. ‘सरळ बोलायला काय पैसे पडतात?’ हे तुझं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. जरा धीर धर. सरळ बोलण्याचं काय होतं तेही या पत्रात आहे.) यंदा शाळा उघडली तेव्हा वरून एक छापील तक्ता आला. त्यात उपमा, रूपक, अतिशयोक्ती, चेतनगुणोक्ती, व्याजस्तुती, सगळ्यांच्या व्याख्या रांगेत, कपडे वाळत घातल्यासारख्या. मुलांनी त्या पाठ करायच्या, परीक्षेत ओकायच्या, आणि घरी जायचं. माझ्या बारावीच्या वर्गाने त्या दोन दिवसांत पाठ केल्या. मग मी सहज म्हटलं, ‘काल बाजारात चिवो खाटीक एका कंजूष गिऱ्हाइकाला म्हणाला की तुझ्याकडे ताप मागितला तर तू हुडहुडीसुद्धा देणार नाहीस. हा कोणता अलंकार?’ सगळा वर्ग माझ्याकडे असा बघत राहिला जणू मीच तापात आहे. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, ‘बाई, खाटीक तक्त्यात नाही.’

तेव्हा मी तो तक्ता गुंडाळला आणि झुरळं मारायच्या कामासाठी (वर्गात ती भरपूर आहेत) कोपऱ्यात उभा केला. पोरांना सांगितलं, जा, गावात फिरा, लोक काय काय बोलतात ते ऐका, आणि प्रत्येकाने एक तरी जिवंत अलंकार धरून आणा. ताई, काय काय आणलं म्हणून सांगू! कोणाची आजी जावयाला ‘सुट्टीवर आलेला देव’ म्हणते, कारण तो कशालाच हात लावत नाही. कोणाचा बाप म्हणतो की यंदाच्या उन्हात कोंबड्या उकडलेली अंडी घालतात. एकीने आणलं, ‘आमचा नळ शिंकतो, खोकतो, माफ करा म्हणतो आणि परत झोपतो.’ वर्ग हसून हसून लोळला, कारण गावातले सगळेच नळ जानेवारीपासून तेवढंच करत होते. या पोरांना चेतनगुणोक्तीची व्याख्या मला पुन्हा विचारावी लागली नाही.

त्यात एक मुलगी होती. दियोसेलीना फ्रीआस, सगळे तिला सेलीना म्हणतात. तिची आई चाबेला बसथांब्याजवळ कढई लावून होहाल्द्रे, त्या मैद्याच्या जाड पुऱ्या, तळते. (तू मागे आलीस तेव्हा एका बैठकीत पाच खाल्ल्या होत्यास आणि ‘जरा तेलकट आहेत’ म्हणाली होतीस, तीच.) मुलगी काडीसारखी, आवाज बारीक, वर्गात बोलली तर मी खिडकी उघडून बघते की बाहेरून तर कोणी बोललं नाही ना. तिने मात्र व्याजस्तुती निवडली. म्हणजे वरून कौतुक आणि आतून चिमटा. विषय होता आपले नगराध्यक्ष एवेलिओ बारिओस. मी तिचा निबंध शब्दशः देते, कारण पुढे तो सगळ्या गावाला पाठ झाला.

‘आमच्या नगराध्यक्षांनी आम्हाला पाण्याच्या गुलामीतून मुक्त केलं. पूर्वी आम्ही रोज आंघोळ करत असू आणि त्यात केवढा वेळ वाया जाई! आता तो वेळ आम्ही अभ्यासाला देतो, आणि एकमेकांपासून जरा लांब बसल्यामुळे वर्गात शिस्तही आली आहे. त्यांनी टेकडीवर बांधलेली टाकी इतकी स्वच्छ आहे की तिला अजून पाण्याचा एक थेंबसुद्धा लागलेला नाही. त्यांच्या कारकिर्दीत आमच्या गावात एकही माणूस बुडून मेला नाही. असा नगराध्यक्ष शेजारच्या गावांनाही लाभो, म्हणजे आम्ही एकटे पडणार नाही.’

मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले आणि निबंध वर्गाच्या भिंतीवर लावला. यात माझी चूक झाली असं मला अजूनही वाटत नाही. उद्या असाच निबंध आला तर उद्याही लावीन, आणि यावेळी चौकट करून.

आपले मुख्याध्यापक लादिस्लाओ सर तुला आठवतात? तेच, जे नगराध्यक्षांची गाडी दिसली की शर्टाचं वरचं बटण लावतात. ते वर्गात झुरळांची पाहणी करायला आले आणि त्यांनी भिंतीवरची पहिली ओळ वाचली. बहुधा तेवढीच वाचली. कागद काढून घेतला, घडी घातली, आणि थेट नगरपालिकेत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, ‘एदिल्माबाई, अभिनंदन! संत ब्राउलिओच्या उत्सवात नव्या टाकीचं उद्घाटन आहे. तिथे साहेब हा निबंध स्वतः वाचणार. फार भावुक झालेत.’

आता मला तू ओळखतेस. मी वाईट असेन, पण लपूनछपून वागणारी नाही. मी तिथल्या तिथे म्हणाले, ‘सर, जरा थांबा. ती व्याजस्तुती आहे.’

‘हो हो, स्तुतीच आहे. वाचली की मी.’

‘स्तुती नाही हो सर. व्याजस्तुती.’

सरांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. ‘म्हणजे व्याजासकट स्तुती! मग तर फारच छान!’

ताई, यापुढे मी काय करायला हवं होतं, तूच सांग. मी शिक्षिका आहे, देवदूत नाही. सेलीना मात्र घाबरून पांढरी पडली. म्हणाली, ‘बाई, मी जाऊन सांगू का त्यांना?’ आम्ही दोघी गेलोही. नगरपालिकेच्या दारातल्या माणसाने साहेब भाषणाचा सराव करताहेत म्हणून आत सोडलं नाही. बंद दारातून आवाज येत होता, ‘एकही माणूस बुडून मेला नाही!’ आणि मग थोडं थांबून, आणखी दमदारपणे, ‘एकही माणूस!’ सेलीनाने माझा हात घट्ट धरला. आम्ही परत आलो. वाटेत दोघींनाही हसू आवरेना, हे मी कबूल करते, पण माफी मागून नाही.

उत्सवाच्या दिवशी सगळं गाव टेकडीखाली जमलं. पाद्री आले, बँड आला, बायका ठेवणीतले झालरीचे पोशाख घालून धुळीत उभ्या राहिल्या. टाकीला निळी फीत, खाली एक चकचकीत पितळी नळ. एवेलिओसाहेब पांढरा शर्ट घालून मंचावर आले आणि वाचू लागले. पहिल्या वाक्याला शांतता. दुसऱ्या वाक्याला माणसं एकमेकांकडे बघू लागली, हे खरंच वाचतोय की काय? ‘एकमेकांपासून जरा लांब’ इथे आलं तेव्हा मागून एका म्हातारीचं हसू फुटलं, कढईत पाणी पडल्यासारखं, आणि मग जे काही पेटलं! साहेबांना वाटलं गाव आनंदाने वेडं झालंय. त्यांनी हात उंचावला, आवाज चढवला, ‘बुडून मेला नाही’ हे त्यांनी खरंच दोनदा वाचलं. पाद्रीबुवा झग्याच्या बाहीत तोंड लपवून खोकत होते. ट्रोम्बोनवाल्याला हसताना फुंकर आवरली नाही आणि त्याच्या वाद्यातून जो आवाज निघाला तो मी पत्रात लिहू शकत नाही. शेवटी टाळ्यांच्या कडकडाटात साहेबांनी नळ फिरवला. नळाने एकदा धुळीची फुंकर मारली, आणि बस्स.

तेव्हाही त्या माणसाला काही कळलं नाही. कळलं ते संध्याकाळी घरी गेल्यावर, आणि सांगितलं त्याच्या आईने. (त्यांच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईच्या तोंडून आलेली गोष्ट आहे, तेव्हा पक्की.) तो सानकोचोचा रस्सा भुरकत म्हणाला, ‘आई, लोक किती प्रेम करतात गं!’ म्हातारी म्हणाली, ‘मेल्या, त्या पोरीने तुला दोरीवर वाळत घातलाय, आणि चिमटे तू स्वतःच पुरवलेस.’

सोमवारी बोलावणं आलं. मुख्याध्यापकांच्या खोलीत नगराध्यक्ष, सर (वरचं बटण लावलेलं), मी, सेलीना, आणि पिठाने भरलेले हात पुसत आलेली चाबेला. साहेबांचा पहिला राग निबंधावर नव्हताच, आपल्याला अडाणी समजलं याचा होता. ‘व्याजस्तुती म्हणजे काय हे मला माहीत नाही असं वाटतं का तुम्हाला?’ असं म्हणून त्यांनी ती व्याख्या तक्त्यातल्यासारखी अक्षरन् अक्षर म्हणून दाखवली, स्वल्पविरामासकट. ताई, मी तुला शपथेवर सांगते, मला त्या क्षणी त्या माणसाची दया आली. पूर्ण व्याख्या पोटात, आणि तरी हा माणूस उपाशी!

दया फार टिकली नाही. ते म्हणाले, मुलीने चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून सगळ्या गावासमोर माफी मागायची. नाहीतर चांगल्या वर्तणुकीचा दाखला मिळणार नाही, आणि दाखला नाही तर बारावीची परीक्षा नाही. सर मान हलवत होते. मी तोंड उघडणार तोच सेलीना उभी राहिली. खिडकी बंद होती, तेव्हा आवाज तिचाच होता.

‘साहेब, त्यात एक जरी वाक्य खोटं असेल तर दाखवा. मी ते खोडते आणि माफी मागते.’

साहेबांनी कागद ओढला आणि बोट ठेवून वाचू लागले. आंघोळ... पुढे गेले. टाकी... पुढे गेले. बुडून मेला नाही, इथे बोट बराच वेळ थांबलं. मला वाटतं ते मनातल्या मनात कोणी बुडालेला आठवत होते. अखेर त्यांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला. ‘प्रश्न वाक्यांचा नाही, हेतूचा आहे.’

चाबेलाने हात पुसणं थांबवलं. ती म्हणाली, ‘साहेब, माझी पोरगी पायऱ्यांवर येईल. पण आधी तुमच्या नळाला येऊ द्या. त्याची माफी जास्त दिवसांची राहिलीय.’ आणि मुलीच्या दंडाला धरून निघून गेली. दारात वळून मला म्हणाली, ‘बाई, कढई चुलीवर आहे, नाहीतर आणखी थांबले असते.’

मग सगळा मोर्चा माझ्याकडे वळला. मी शुक्रवारी शाळेच्या पटांगणात, पालकांसमोर, लेखी माफीनामा वाचायचा. आणि साहेबांची अट ऐक: ‘साध्या सरळ भाषेत. एकही अलंकार चालणार नाही. सर आधी तपासतील.’ मी म्हटलं, आनंदाने. घरी येऊन लिहिला आणि नेऊन दिला. लादिस्लाओ सरांनी कोपऱ्यातला तो तक्ता मागवला, त्यावरची झुरळं झटकली, आणि माझा मजकूर एकेका अलंकाराशी ताडून पाहिला. ‘सारखा’ नाही, ‘जणू’ नाही, अतिशयोक्ती नाही, निर्जीव वस्तू बोलत नाहीत. समाधानाने शिक्का मारला. मजकूर काय आहे हे बघायला त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

शुक्रवारी पटांगण भरलं होतं. सगळे हसायच्या तयारीने आले होते, ट्रोम्बोनवाला तर पहिल्या रांगेत. मी वाचलं:

‘माझ्या विद्यार्थिनीने उलट अर्थाने लिहिलं आणि ते काहींना सुलट वाटलं, याचं मला वाईट वाटतं. म्हणून मी आता सुलट सांगते. गावातल्या नळांना जानेवारीपासून पाणी नाही. टेकडीवरची टाकी रिकामी आहे. झऱ्यापासून टाकीपर्यंत पाइप घातलेला नाही. शाळेतलं मुलींचं स्वच्छतागृह पाण्याअभावी कुलूपबंद आहे. त्यामुळे मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. गेल्या महिन्यात दोघी चक्कर येऊन पडल्या. त्यांतली एक दियोसेलीना फ्रीआस. तिने तो निबंध त्यानंतर लिहिला. एदिल्मा वेर्गारा, भाषाशिक्षिका.’

कोणी हसलं नाही, ताई. एक माणूस नाही. बाप लोक आपापल्या मुलींकडे बघू लागले, जसं काही पहिल्यांदाच बघताहेत. ती शांतता इतकी वाढली की एवेलिओसाहेब खुर्चीत चुळबुळले आणि शेजारी बसलेल्या सरांना हळूच म्हणाले (पण माइक चालू होता), ‘यापेक्षा तो निबंधच बरा होता.’

तर तू म्हणतेस ना, सरळ बोलावं? बोलले. आठवड्याभरात माझ्या हातात बदलीचा हुकूम. सेर्रो पेलादोची शाळा, एक खोली, पहिली ते सहावी एकत्र, आणि शेवटचा टप्पा घोड्यावरून. सगळ्यांना वाटलं मी रडेन, नाहीतर कोणाच्या तरी पाया पडेन. मी त्याच दिवशी बुटांच्या दुकानात जाऊन रिकिबीचे बूट घेतले आणि ते घालूनच सरांच्या खोलीत सही करायला गेले. तिथल्या पोरांना मी अलंकार शिकवणार आहे, आणि तेही आधी व्याजस्तुतीपासून. डोंगरातल्या लोकांच्या जिभा खालच्यांपेक्षा धारदार असतात असं ऐकते.

गावाचं म्हणशील तर त्या शुक्रवारनंतर बायका रोज रिकाम्या बादल्या घेऊन नगरपालिकेच्या दारात बसू लागल्या. बोलत नाहीत, घोषणा नाहीत, नुसत्या बसतात आणि विणकाम करतात. परवा पाइपचा ट्रक आला. स्वच्छतागृहाचं कुलूप निघालंय, तिथे सध्या टँकरने पाणी भरतात. चाबेलाला कढई हलवा अशी नोटीस आली, तिने हलवली, ती थेट नगरपालिकेसमोर. आता कारकूनसुद्धा तिच्याकडे खातात आणि हात पुसायला तीच नोटीस वापरतात.

सेलीनाला दाखला मिळाला नाही. नाव पटावरून काढलं, कारण ‘अनादर’. तिला शेवटचं विचारलं तेव्हाही तिने मान हलवली नाही. मी तिला म्हटलं होतं, पोरी, माग माफी, परीक्षा दे, पुढे आयुष्य पडलंय. ती म्हणाली, ‘बाई, तुम्ही मागाल?’ मी नसती मागितली, आणि तूही नसतीस, कारण आपण दोघी एकाच आईच्या.

असो. हे सगळं तुला कळावं म्हणून लिहिलं, दुसरं काही कारण नाही. मला तुझ्याकडून काहीही नको. पैसे नकोत, सल्ला नको, ओळखीच्या साहेबांना फोन तर मुळीच नको. मी माझं बघायला समर्थ आहे आणि डोंगरावर हवा छान असते. गुडघ्याला कोमट तेल लाव.

कोणापुढेही न वाकलेली, फक्त तुला वाकून नमस्कार करणारी,
तुझी एदिल्मा

ता. क. सोबतच्या डब्यात चाबेलाने होहाल्द्रे दिल्या आहेत. तेलकट आहेत. खा.

ता. क. डबा कोणी आणला हा प्रश्न तुला पडला असेलच. तुझ्यासमोर जी काडीसारखी मुलगी उभी आहे, तीच सेलीना. एवढं लांबलचक पत्र वाचेपर्यंत तू तिला दारातच उभी ठेवली असशील, तर आधी आत घे, पाणी दे आणि बसव. तुझ्या घरामागच्या शाळेत मी बोललेय. त्या मुख्याध्यापिकेने निबंध वाचला, हसून हसून चष्मा पुसला आणि म्हणाली, दाखल्याचं मी बघते, फक्त मुलीला राहायला शहरात घर हवं. मला तुझं घर आठवलं. फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू पहिल्या शब्दालाच नाही म्हणतेस.

ता. क. डिसेंबरपर्यंतच. जिने ती चढेल, बाजार ती आणेल. कमी बोलते, पण बोलली तर ऐक. आणि अगदीच नाही म्हणायचं असेल, तर ते तिला सांगू नकोस, मला लिही. सेर्रो पेलादोला टपाल महिन्यातून एकदा खेचरावरून येतं आणि उत्तर पुढच्या खेपेला जातं. तोवर तुला तिची सवय झालेली असेल.